घर विकताना ऐब सांगावा की झाकावा?

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या धंद्यातली एक गोष्ट आपण पहिल्याच वर्षी शिकतो. ताक्यात डाग किंवा रफू असेल, तर कापड मोजण्याआधी तो गिऱ्हाइकाला दाखवायचा. घर विकताना मात्र आपल्यातलेच काहीजण गप्प बसतात.

माझ्या ओळखीच्या एका कारागिराने आयुष्यभराच्या कमाईतून जुने घर घेतले. कागदपत्रे चोख होती. दोन महिन्यांनी शेजारणीकडून कळले की, मागच्या खोलीत आधीच्या मालकाच्या तरुण मुलाने जीव दिला होता. त्या दिवसापासून ती खोली बंद आहे. तो मला म्हणाला, "भाई, मी भुताखेतांना मानत नाही. पण मालकाला माहीत होते, दलालाला माहीत होते. फक्त पैसे मोजणाऱ्याला माहीत नव्हते."

आता कायदा पाहू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ सांगते की, मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. न सांगणे हे कपट मानले जाते. घरातल्या मृत्यूचा या कलमात नावानिशी उल्लेख नाही, आणि याच फटीचा फायदा घेतला जातो. पण घेणाऱ्याने सरळ विचारले आणि आपण खोटे उत्तर दिले, तर ते नुसते मौन राहत नाही, ती फसवणूक होते.

शरीअतची कसोटी याहून सोपी आहे. हनफी फिकहप्रमाणे, व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्यामुळे किंमत उतरते तो ऐब. लपवलेला ऐब नंतर उघड झाला, तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क मिळतो. यालाच 'खियारे ऐब' म्हणतात. इमाम अबू हनीफा स्वतः कूफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने सदोष कापड ऐब न सांगता विकले, तेव्हा त्यांनी आलेली सगळी रक्कम सदका केली, असे सांगितले जाते.

कोणी म्हणेल, अपशकुन मानणे इस्लामला मंजूर नाही, मग सांगायचे कशाला? बरोबर, घर मनहूस नसते. पण मग आपण लपवतो कशासाठी? भाव पडेल म्हणूनच ना? तिथेच कसोटीचे उत्तर मिळाले.

मर्यादाही ध्यानात ठेवा. म्हातारपणाने किंवा आजाराने आलेला मृत्यू हा ऐब नाही. असे मृत्यू कोणत्या जुन्या घरात झाले नाहीत? आणि जिथे सांगायचे तिथे घटना तेवढी सांगा. मयताची कहाणी, त्याच्या घरच्यांची इज्जत बाजारात मांडू नका.

हे बोलणे इसार घेण्याआधी, दोन साक्षीदारांसमोर करा आणि साठेखतात एक ओळ लिहून घ्या. किंमत थोडी कमी येईल. पण जी येईल ती हलाल असेल, आणि बरकत तिच्यातच आहे.