ई-मेल का पोचत नाही?



माती परीक्षणाचा अहवाल ई-मेलने धाडूनही मिळत नाही, अशी तक्रार गट ऑफिसात येते. कारखान्याचा सर्व्हर बंद असेल, असे लगेच धरू नये. जीमेलची फुकट जागा १५ जीबी. तीत पत्रे, फोटो, ड्राइव्ह सारे मावावे लागते. पोरांनी लग्नाचे व्हिडिओ भरले की पाट तुंबला! नवे पत्र धाडणाऱ्याकडे परत जाते. जड फायली काढाव्यात, कचरापेटीही रिकामी करावी. स्पॅममध्येही बघावे; तिथले पत्र ३० दिवसांनी आपोआप पुसले जाते.

मात्र "दुरुस्त करून देतो, एनीडेस्क घ्या" असा अनोळखी फोन आला तर त्यावरचा नंबर सांगू नका. परवानगी दिलीत की तुमची स्क्रीन त्याला दिसते, ओटीपीसुद्धा. उसाच्या बिलाचे पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० ला फोन लावा.