मधुमेह आहे, पण कोणता?

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला साखर निघाली की ती टाईप टूच असणार, असं घरचे धरून चालतात आणि बऱ्याचदा डॉक्टरही. माझ्या बाबतीत तेच झालं. माझ्या माहेरी कुणाला मधुमेह नाही, अंगकाठी पहिल्यापासून बारीक आणि हाशिमोटो थायरॉइडची गोळी तर पस्तिशीपासूनच चालू. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून कुणी पाहिल्या नाहीत.

मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडने सुरुवातीला साखर छान उतरली. या आजारात माणूस फसतो तो इथेच. पुढे एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, पुन्हा चढू लागलं. गोळ्या वाढल्या, भात सुटला, पनवेलच्या वडाळे तलावाभोवती रोज फेऱ्या सुरू झाल्या. तिथे भेटणाऱ्या बायका माझ्या उतरत्या वजनाचं कौतुक करत, आणि मी मात्र रात्री चार-चारदा लघवीला उठत होते, घशाला सतत कोरड होती. ‘चोरून गोड खात असशील’ हे ऐकावं लागलं, ते सर्वांत जास्त लागलं. अखेर एका मधुमेहतज्ज्ञांनी रक्ताच्या दोन तपासण्या सांगितल्या: जीएडी अँटीबॉडी (शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटल्याची खूण) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं याचं माप). पहिली पॉझिटिव्ह आली, दुसरी खूप कमी. निदान झालं ‘लाडा’चं, म्हणजे मोठ्या वयात हळूहळू उमटणाऱ्या ऑटोइम्यून मधुमेहाचं.

यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते. लहान मुलांत हा नाश झपाट्याने होतो, मोठ्यांत त्याला वर्षं लागू शकतात. म्हणून निदानानंतर किमान सहा महिने तरी इन्सुलिनशिवाय निभावतं आणि आजार टाईप टूसारखा भासतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात, टाईप टू म्हणून नोंदलेल्या सुमारे १० टक्के रुग्णांच्या रक्तात जीएडी अँटीबॉडी आढळल्याचं १९९७ साली प्रसिद्ध झालं.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये पाच खुणा सांगितल्या. त्यांतल्या दोन किंवा अधिक जुळल्या, तर अँटीबॉडीची तपासणी करून घ्यावी:

१. मधुमेह पन्नाशीच्या आत सुरू झालेला.
२. फार तहान, वारंवार लघवी, आपोआप वजन घटणं.
३. बीएमआय २५ पेक्षा कमी.
४. स्वतःला दुसरा ऑटोइम्यून आजार: थायरॉइडचा, कोड, सिलियाक यांसारखा.
५. असा आजार घरात कुणाला तरी.

मात्र आपल्या लोकांनी एकट्या तिसऱ्या खुणेवर विसंबू नये. भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी अंगात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे. त्यामुळे आपल्याकडे बारीक माणसालाही टाईप टू होतोच. खात्री होते ती रक्ताच्या तपासणीने, अंदाजाने नाही.

निदान महत्त्वाचं, कारण त्यावर उपचार बदलतात. ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्या लाडामध्ये सहसा टाळतात. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या तर विशेष जपून वापराव्या लागतात: इन्सुलिन कमी पडत असताना त्यांनी साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा जीवघेणा प्रकार, होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं अशी लक्षणं दिसली, तर मीटरवरच्या आकड्यावर न थांबता थेट रुग्णालय गाठा. सी-पेप्टाइड अजून बरं असेल, तर ते ठरावीक काळाने पुन्हा तपासतात आणि त्यावरून इन्सुलिनची वेळ ठरते. कोणतीही गोळी मनाने बंद करू नका. आणि इन्सुलिन सुरू झाल्यावर कुणी काढ्याने किंवा आहाराने ते सोडवून देतो म्हणालं, तर त्याच्या नादी लागू नका. ज्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याच्या जिवाशी तो खेळ आहे.

इन्सुलिन सुरू झालं आणि माझं वजन भरलं, झोप परतली. तरीही मला सर्वांत मोठा दिलासा वाटला तो याचा, की हा आजार माझ्या खाण्यातून आला नव्हता. म्हणून घरच्यांना विनंती: साखर आटोक्यात येत नसेल, तर रुग्णावर संशय घेण्याआधी आजाराचा प्रकार तपासून घ्या. आणि रुग्णांनो, पुढच्या भेटीत फाईल उघडून डॉक्टरांना सरळ विचारा: माझा मधुमेह कोणत्या प्रकारचा आहे, आणि तो कशावरून ठरवला?