चांगल्या रिपोर्टचा धोका

आरए, म्हणजे सांध्यांचा वात, असलेल्या माणसाचं कोलेस्टेरॉल कमी आलं तर पेढे वाटायची घाई करू नये. माझं कमी आलं होतं. बोटं सुजलेली, सकाळी तासभर मूठ मिटायची नाही, रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी चढलेला; लिपिडचा कागद मात्र कुणालाही हेवा वाटावा असा. पुढे औषधं लागू पडली, सूज ओसरली आणि कोलेस्टेरॉल वर गेलं. जाऊबाईंनी लगेच औषधांवर ठपका ठेवला. खरी गोष्ट उलटी आहे. शरीरात दाह पेटलेला असताना कोलेस्टेरॉल खाली जातं, आणि हृदयाला धोका मात्र त्याच काळात जास्त असतो. म्हणून ही तपासणी आजार शांत असताना करावी.

जिना चढताना मला दम लागायचा, कधी जबडा दुखायचा. दम गुडघ्यांच्या खात्यावर गेला, जबडा सांध्यांच्या. छातीत कळ अशी आलीच नाही. ना मधुमेह, ना तंबाखू, वय पन्नाशीच्या आत. शेवटी अँजिओग्राफी झाली आणि स्टेंट बसला. आमच्यासारख्यांची ही मोठी पंचाईत आहे. अंगात काहीही दुखलं तरी नाव वाताचंच निघतं.

हा आजार सांध्यांपुरता राहत नाही, धमन्यांपर्यंत पोचतो. महाधमनी दर ठोक्याला फुगते आणि आकसताना रक्त पुढे ढकलते. वर्षानुवर्षांच्या दाहानं तिच्यातले लवचीक तंतू झिजतात, त्यांची जागा राठ तंतू घेतात, आतलं अस्तरही बिघडतं. गॅसची रबरी नळी जुनी होऊन कडक व्हावी, तसंच. मग नाडीची लाट वेगानं धावते, लवकर परतते आणि हृदयावर भार टाकते. मानेपासून जांघेपर्यंतचा या लाटेचा वेग मोजता येतो. सेकंदाला १० मीटरच्या वर गेला तर धमन्या ताठरल्या असं धरतात. ते यंत्र गावोगावी नाही. पण बीपीचं यंत्र आहे. वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर बघा. उतारवयात ते ६० किंवा त्याहून जास्त असेल, तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा. माझं १५८/७२ होतं, आणि ‘खालचं छान आहे’ एवढं ऐकून मला घरी पाठवलं गेलं.

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची शिफारस आहे की, आरए असेल तर हृदयविकाराच्या धोक्याचा नेहमीच्या तक्त्यातून आलेला आकडा १.५ नं गुणावा. ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, त्याची गोष्ट आणखी कठीण. १९९७ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त बायकांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या ५० पट निघालं. तरुण आहे म्हणून काही होणार नाही, हे इथे तरी कुणी म्हणू नये.

आता औषधांचं. गिधाडं वाचावीत म्हणून गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर आपण २००६ साली बंदी घातली. माणसाला मात्र ते चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून मिळतं. रोजची वेदनाशामकं बीपी वाढवतात, हृदयावर ताण आणतात, आणि दाहाचा मूळ आजार तसाच राहतो. स्टेरॉइड कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घ्यावं, पण मनानं एकदम बंद करू नये; तेही जिवावर बेततं. आरएवरच्या मेथोट्रेक्सेटला लोक उगाच घाबरतात. आजार आटोक्यात ठेवणारं औषध धमन्यांनाही जपतं. फक्त ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत, म्हणून वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. टोफासिटिनिब हे आरएवरचं आणखी एक औषध आपल्याकडे आता सर्रास दिलं जातं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, पन्नाशी गाठलेल्या आणि हृदयाचा आधीच काही धोका असलेल्या रुग्णांत, ते घेत असताना हार्ट अटॅकसारख्या घटना टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणाऱ्या इंजेक्शनांपेक्षा जास्त दिसल्या. तुम्हाला ते सुरू करत असतील तर हृदयाचा इतिहास आपणहून सांगा.

आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना वाताची फाइल घरी ठेवू नका. ते सांध्यांबद्दल विचारतीलच असं नाही, आणि वाताचे डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतीलच असंही नाही.