भाड्याचा आकडा तुला कुणी सांगितला?

अगं, फोनवर तू इतकी आनंदात होतीस की तिथल्या तिथे तुला अडवणं जिवावर आलं. म्हणून सावकाश लिहितेय. वाघोलीत वन बीएचके घ्यायचा, भाड्याने द्यायचा, हप्त्याचा मोठा भाग भाड्यातून सुटेल आणि वीस वर्षांनी घर तुझं. रविवारी टोकन द्यायचं ठरतंय. स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या नावावर काही उभं करावंसं तुला वाटतंय याचा मला खूप अभिमान आहे. पण मला एक सांग, महिना 22 हजार भाडं येईल हा आकडा तुला कुणी सांगितला?

ब्रोकरनेच ना? मग त्याला पैसे कुठून मिळतात ते आधी बघ. नव्या प्रकल्पात तो "ताई, तुमच्याकडून एक रुपया घेणार नाही" म्हणतो आणि आपल्याला बरं वाटतं. त्याचं कमिशन बिल्डर देतो, तेही तू बुकिंग करून करारनामा नोंदवलास की. म्हणूनच या मंडळींना चॅनल पार्टनर म्हणतात. यात बेकायदा काही नाही आणि माणूस लबाड आहे असंही मी म्हणत नाही. फक्त त्याचं काम नोंदणीच्या दिवशी संपतं आणि तुझं तिथून सुरू होतं. फ्लॅट चार महिने रिकामा राहिला तर हप्ता तुझ्या पगारातून जाणार. म्हणून जागा दाखवायला तो हवा, कागद हलवायला हवा, पण घ्यावं की नाही हे त्याला विचारायचं नाही.

आता वही काढ. फ्लॅट 60 लाखांचा धरू. बांधकाम चालू आहे आणि किंमत 45 लाखांच्या वर, म्हणजे 5 टक्के जीएसटी, 3 लाख. मुद्रांक शुल्क पुणे महापालिका हद्दीत 7 टक्के, नुसतं बाईचं नाव असेल तर 6, म्हणजे 3 लाख 60 हजार. नवऱ्याचं नाव जोडलंस की ती सवलत जाते, हे लक्षात ठेव. नोंदणीचे 30 हजार. पंखे, गीझर, किचनच्या ट्रॉल्या, खिडक्यांना ग्रिल यांचे दोन लाख धरले तर घर पडलं जवळपास 69 लाखांना. ब्रोकरच्या कागदावर मात्र 60 लिहिलेत.

भाडं 22 ऐवजी 18 हजार धरू आणि वर्षातून एक महिना जागा रिकामी. भाडेकरू बदलताना तेवढा वेळ जातोच. हातात आले 1 लाख 98 हजार. मेंटेनन्स महिना साडेतीन हजार धरला तर त्यातले 42 हजार गेले. मालमत्ता करात पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत देते, भाडेकरू ठेवलास की ती मिळत नाही. त्याचे 15 हजार धर. नवा भाडेकरू आणायला ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. राहिले सव्वा लाखाच्या आतच. रंगकाम, गळती, बिघडलेली मोटर यातलं काहीच मी अजून धरलेलं नाही. 69 लाखांवर वर्षाला सव्वा लाख म्हणजे दोन टक्केसुद्धा धड पडत नाहीत. 45 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता 39 हजारांचा. पहिल्या वर्षाचं व्याजच पावणेचार लाखांच्या घरात जातं.

"पण ताई, टॅक्स वाचतो ना!" हेही तो म्हणाला असेल. तू नवी करप्रणाली घेतली आहेस. तिच्यात भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत येतो, तोही वर्षाला दोन लाखांपर्यंतच.

मग तो म्हणेल, भाड्याचं सोडा, भाव बघा, मेट्रो येतेय. रामवाडी ते वाघोली मार्गाला केंद्राने जून 2025 मध्ये मंजुरी दिली, हे खरं आहे. पण हिंजवडीचं आठव. माण ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं आणि त्यानंतर तारखा किती वेळा पुढे गेल्या ते तू तिकडच्या ट्रॅफिकमध्ये बसून पाहिलं आहेस. मेट्रो येईल तेव्हा येईल, हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला येणार. शिवाय मेट्रोचा भाव बिल्डरने आजच्या दरात आधीच लावलेला असतो. 2020 साली घरून काम सुरू झालं आणि पोरं सामान बांधून गावी गेली, तेव्हा हिंजवडी-वाकडच्या कितीतरी मालकांना घरबसल्या रिकाम्या फ्लॅटचे हप्ते भरावे लागले. एकाच प्रकारच्या भाडेकरूवर उभ्या असलेल्या भागात ही जोखीम कायमची असते.

खरं भाडं कळायला अवघड नाही. त्याच सोसायटीच्या आसपास, दुसऱ्या कुठल्या तरी छोट्या एजंटला फोन कर, ज्याला तुझ्या खरेदीतून काही मिळणार नाही. त्याला विचार, वन बीएचके द्यायचा झाला तर किती येतील आणि किती दिवसांत जाईल. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या भागातल्या लिव्ह अँड लायसन्स करारांच्या सूची दोन बघता येतात. तिथला आकडा कागदावरचा, नोंदलेला असतो. त्याच बिल्डरची आधीची, लोक राहायला गेलेली सोसायटी असेल तर तिथे संध्याकाळी आठच्या सुमाराला जा. किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोज. गेटवरच्या वॉचमनशी दोन शब्द बोल. पाण्याचे टँकर दिवसाला किती येतात, एवढं त्याला विचारलंस तरी मेंटेनन्स पुढे कुठे जाणार हे तुला कळेल. वाघोली 2021 मध्ये महापालिकेत आली, पण टँकर काही त्या दिवशी थांबले नाहीत. नोटीस बोर्डही वाच. 'बॅचलर्सना परवानगी नाही' असा कागद तिथे लावलेला दिसला, तर खराडीच्या आयटीतली जी मुलं ब्रोकर तुला भाडेकरू म्हणून दाखवतोय, त्यातली निम्मी दारातूनच परत जाणार. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही लावेल. सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावायचे नाहीत असा सरकारी आदेश आहे, तेवढं माहीत असू दे.

आणि बिल्डरने दोन वर्षांच्या खात्रीच्या भाड्याचं आमिष दाखवलं, तर त्याला भुलू नकोस. ते भाडं बहुतेक वेळा तुझ्याच किमतीत आधी मिळवलेलं असतं. तिसऱ्या वर्षी बाजारात जे मिळेल ते. रीसेलमध्ये "भाडेकरू बसलेलाच आहे" म्हणाले, तर नोंदलेला करार आणि भाडं जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी माग. त्याचं डिपॉझिट जुना मालक तुला देतोय ना, हे करारनाम्यात लिहून घे, नाहीतर भाडेकरू निघताना ते तुझ्या खिशातून जाईल.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. हा ब्रोकर तुझ्या सासरच्या नात्यातला आहे. त्याला महारेराचा नोंदणी क्रमांक कसा विचारायचा, करारनामा वकिलाला दाखवते असं कसं म्हणायचं, त्याला काय वाटेल, असं तुझ्या मनात चाललंय. भीड ही भिकेची बहीण, असं आपली आजी उगाच म्हणत नव्हती. एजंटला नोंदणी सक्तीची आहे आणि ग्राहकाला खोटं सांगायला कायद्याने मनाई आहे. क्रमांक विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. सासूबाईंना वाईट वाटेल ही भीती असेल तर माझं नाव सांग, ताईने बजावलंय म्हण.

"स्वतःचं काहीतरी हवं ना ताई, बायकांनी सेफ राहायला हवं," हे तो तुला दोनदा म्हणाला, असं तू सांगितलंस. हे वाक्य मला सगळ्यात खुपलं. आपल्या मनातली खरी गरज ओळखून त्यावर बोट ठेवायचं, आणि मग "आजच टोकन द्या, सोमवारपासून चौरस फुटाला 200 वाढताहेत" म्हणायचं. सुरक्षितता हवी म्हणून तू तुझी सगळी बचत एका फ्लॅटमध्ये अडकवणार आणि वर 20 वर्षांचं कर्ज घेणार. उद्या नोकरी सुटली तर त्या घराची एक खोली विकून सहा महिन्यांचा खर्च निघत नाही. निदान वर्षभराचे हप्ते भरता येतील एवढी रक्कम वेगळी राहत असेल, तरच पुढचं बोलू.

बँकेने प्रकल्प मंजूर केलाय म्हणून निर्धास्त राहू नकोस. बँक तिचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघते, तुला भाडं किती मिळेल ते नाही. महारेराच्या साइटवर प्रकल्पाच्या पानावर पझेशनची तारीख, ती किती वेळा वाढवली, कोर्टात काय चाललंय आणि कार्पेट एरिया किती, हे सगळं असतं. ब्रोकरने सांगितलेलं क्षेत्र आणि तिथलं क्षेत्र जुळतंय का बघ. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त पैसे बिल्डरला मागताच येत नाहीत, रोखीने तर तू काहीच द्यायचं नाहीस.

प्रकल्पाचा महारेरा क्रमांक आणि अलॉटमेंट लेटरचा मसुदा मला शुक्रवारपर्यंत पाठव. माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत, त्यांना दाखवते. शनिवारी संध्याकाळी आपण दोघी वाघोलीला जाऊ, ब्रोकरला न कळवता. रविवारची भेट रद्द करू नकोस, त्याला फोन करून फक्त एवढं सांग की येतेय, पण चेकबुक आणणार नाही.