गुडघा दुखतोय खेळाडू मुलाचा. खर्च कशावर करायचा?

खो-खो, फुटबॉल, वेगवान गोलंदाजी करणारं बारा-चौदा वर्षांचं मूल गुडघा धरून बसलं की घरात लगेच एमआरआयचा विषय निघतो. त्याआधी बोटाने दाबून बघा. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा उंचवटा असतो. नेमका तोच दुखत असेल, जिना चढताना, उडी मारताना कळ येत असेल, तर बहुधा हा ‘ऑसगुड-श्लॅटर’. झपाट्याने उंची वाढताना मांडीचे स्नायू आखडतात आणि अजून पक्क्या न झालेल्या त्या उंचवट्याला ओढ बसते.

निदान हाताने तपासूनच होतं. मुंबई-पुण्यात खासगी अस्थिरोगतज्ज्ञाची फी साधारण ६०० ते १,५०० रुपये. मार लागला असेल किंवा शंका असेल तर एक्स-रे, तीनशे ते आठशे. एमआरआयला पाच-आठ हजार सहज जातात आणि बहुतेकांना तो लागत नाही. सांगितलाच तर विचारा, ‘याने उपचारात काय बदलेल?’

पैसे खरे कामी येतात ते फिजिओथेरपीत. एका वेळचे चारशे ते आठशे. दहा बैठकांचं पॅकेज मात्र आधीच भरू नका. मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंना ताण देण्याचे व्यायाम दोन-तीन बैठकांत नीट शिकून घ्या आणि रोज घरी करून घ्या. कंटाळा मुलाला येतो, तसा आईबापांनाही येतो! वाटीखाली बांधायचा पट्टा तीन-पाचशेत मिळतो, काहींना आराम पडतो. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं, फुकट. कमतरता नसताना कॅल्शियमच्या बाटल्या म्हणजे पैसे पाण्यात.

तेवढंही परवडत नसेल तर जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी-उपचार मोफत आहेत.

काटकसर कुठे नको? रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, अख्खा गुडघा सुजणं, अडकणं, लंगडणं. अशा वेळी थांबू नका. कधी दोष खुब्यात असतो आणि दुखतो गुडघा; म्हणून लंगडणाऱ्या मुलाचा खुबाही तपासून घ्या.

खेळ सहसा पूर्ण बंद करावा लागत नाही, उड्या आणि धावणं कमी करावं लागतं. दुखणं काही महिने येत-जात राहतं आणि वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी काय चालेल, काय नाही, हे प्रशिक्षकासाठी चिठ्ठीवर लिहून घ्या.