ही गाणारी कोण?

आपल्या गावात कोणी गाऊ लागले, तर कोण गाते ते आपल्याला विचारावे लागत नाही. भजनात पेटीजवळ कोण बसला आहे ते दिसते. ओवी ऐकली, की ही अमक्याची आई, हे भिंतीआडूनही कळते. गळा ओळखीचा असतो.

सिनेमाच्या गाण्याचे तसे नाही. आवाज एका माणसाचा असतो आणि ओठ दुसरेच माणूस हलवते. पडद्यावर नटी गाताना दिसते. खरे गाणे मात्र कोणीतरी आधीच गाऊन ठेवलेले असते. आज हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पूर्वी ते पुष्कळांना ठाऊक नव्हते. त्या वेळची ही हकिगत आहे.

सन 1949 मध्ये 'महल' नावाचा हिंदी बोलपट आला. मुंबईजवळ मालाडला बॉम्बे टॉकीज नावाची कंपनी होती. तिचा तो बोलपट. कमाल अमरोही यांनी तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. नायक अशोककुमार. नायिका मधुबाला, ती तेव्हा सोळा वर्षांची होती.

गोष्ट थोडी भुताखेताच्या वळणाची आहे. एक जुना वाडा. नायक तिथे राहायला येतो. रात्री घड्याळाचे ठोके पडतात आणि कुठून तरी एका बाईच्या गाण्याचा आवाज येतो. नायक आवाजाच्या मागे जातो. एक सुंदर मुलगी झोपाळ्यावर बसलेली दिसते. जवळ जावे, तर ती नाहीशी होते. या मुलीचे नाव कामिनी. हे नाव लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

ते गाणे म्हणजे 'आएगा आनेवाला'. नक्शब यांनी ते लिहिले. खेमचंद प्रकाश यांनी त्याला चाल लावली. आणि गायले विशीच्या आतबाहेरच्या एका मराठी मुलीने.

हे गाणे उठवायला मोठी खटपट करावी लागली. वाड्यात आवाज दुरून येतो, हळूहळू जवळ येतो, असे ऐकणाऱ्याला वाटायला हवे. आज यंत्राचे एक बटण फिरवले, की आवाज पाहिजे तितका दूर नेता येतो. तेव्हा तसली सोय नव्हती. मग काय केले? एका मोठ्या खोलीच्या मधोमध मायक्रोफोन ठेवला. मायक्रोफोन म्हणजे आवाज पकडणारे यंत्र. त्या मुलीला खोलीच्या कोपऱ्यात उभे केले. तिने कोपऱ्यातून गायला सुरुवात करायची आणि गात गात एकेक पाऊल पुढे यायचे. गाण्याचा मुखडा सुरू होईल, त्या वेळी ती बरोबर मायक्रोफोनपाशी पोचली पाहिजे. पाऊल चुकले, की पुन्हा पहिल्यापासून. सूर सांभाळायचा, शब्द सांभाळायचे आणि चालही सांभाळायची. इथे चाल म्हणजे पायांची! ही हकिगत त्या गायिकेने स्वतःच पुढे सांगितली आहे.

बोलपट मुंबईत लागला. गाण्याची तबकडी निघाली. रेडिओवर गाणे वाजू लागले. आणि लोक वेडावले.

त्या काळी नवे गाणे प्रथम कानावर पडणे ही मोठी गोष्ट असे. आता आवडले गाणे, की फोनवर दहा वेळा लावता येते. तेव्हा रेडिओवर गाणे लागले आणि संपले, की संपले. परत कधी लागेल, त्याचा नेम नाही. तबकडी विकत घ्यायची, तर घरात ग्रामोफोन हवा. ग्रामोफोन असायचा गावातल्या एखाद्या सावकाराकडे, नाही तर शहरातल्या हॉटेलात. म्हणून पहिल्यांदा ऐकलेले गाणे माणसे जिवापाड धरून ठेवीत. कुठे ऐकले, बरोबर कोण होते, पाऊस होता की ऊन, सगळे ध्यानात राही.

आम्ही काही वयोवृद्ध माणसांना विचारले, की 'महल'चे ते गाणे तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकले? बहुतेकांना अजून नीट आठवत होते.

एक गृहस्थ तेव्हा मुंबईत गिरणीत कामाला होते. पाळी सुटल्यावर ते आणि त्यांचे सोबती इराण्याच्या हॉटेलात चहाला थांबत. तिथे रेडिओ होता. गाणे सुरू झाले तेव्हा आवाज फार लांबून येऊ लागला. त्यांना वाटले, रेडिओच बिघडला! सोबत्याने मालकाला हाक मारली, की अहो, आवाज वाढवा. तोवर आवाज आपोआपच वाढला. मग कोणी बोलले नाही. चहा गार झाला, पण कपाला कोणी हात लावला नाही. गाणे संपल्यावर एकाने विचारले, "कोण रे ही?" कोणालाच सांगता आले नाही.

कराडकडच्या एका आजींनी ते गाणे तंबूतल्या सिनेमात ऐकले. जत्रेला तंबू आला होता. त्या मागे बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. पडद्यावर मधुबाला गाताना दिसली. आजींना वाटले, तीच गाते. एवढे रूप आणि वर एवढा गळा! देवाने हिला दोन्ही दिले आणि आपल्याला काहीच कसे दिले नाही, म्हणून त्या म्हणे मधुबालेवर रागावल्या होत्या. पुष्कळ वर्षांनी नातवाने सांगितले, की गळा दुसरीचा आहे. तेव्हा कुठे तो राग गेला. आजी हे सांगताना स्वतःच हसत होत्या.

आजींचा समज अगदीच खुळा नव्हता. बोलपट निघाले तेव्हा नट-नटी खरोखरच स्वतः गात. सैगल स्वतः गात. नूरजहाँ आणि सुरैया स्वतः गात. ज्याला गळा नाही, त्याला काम मिळणे कठीण. पुढे सन 1935 च्या सुमारास दुसऱ्याच्या आवाजात गाणे भरून ठेवण्याची रीत सुरू झाली. त्याला पार्श्वगायन म्हणतात. रीत बदलली, पण लोकांना ते कोणी नीट सांगितले नाही. धंदेवाल्यांना सांगायची गरजही वाटली नाही. नटीच गाते असे लोकांना वाटले, तर बरेच की!

आता तबकडीकडे या. तबकडी काळी, ताटलीएवढी. तिच्या मध्यभागी एक गोल कागद चिकटवलेला असे. त्यावर बोलपटाचे नाव, गाण्याचे शब्द आणि गाणाऱ्याचे नाव छापीत. 'महल'च्या तबकडीवर गाणारीचे नाव काय छापले होते? कामिनी!

म्हणजे गोष्टीतल्या मुलीचे नाव. जी मुलगी कोणा लेखकाच्या डोक्यातून निघाली, जी कधी जन्मलीच नाही, तिचे नाव कागदावर. आणि कोपऱ्यातून पावले मोजत जी गात आली, तिचे नाव कुठेच नाही. हे एकाच तबकडीचे झाले असे समजू नका. त्या काळी ही रूढीच होती. पात्राचे नाव छापायचे आणि मोकळे व्हायचे.

ज्यांना वाचता येत होते, त्यांनी तबकडीवरचे नाव वाचले. पण त्यांचे समाधान होईना. कामिनी ही तर बोलपटातली. खरी गाणारी कोण? लोकांनी पत्रे लिहायला सुरुवात केली. रेडिओ केंद्रावर पत्रांची रीघ लागली. सगळ्यांचा प्रश्न एकच: 'ही गाणारी कोण? तिचे नाव सांगा.'

रेडिओवाल्यांनाही नाव माहीत नव्हते! त्यांनी तबकडी काढणाऱ्या कंपनीला विचारले. ती एच. एम. व्ही. कंपनी. भोंग्यापुढे कुत्रा बसलेला आहे, ते तिचे चित्र. कंपनीने नाव कळवले. मग रेडिओवरून ते जाहीर झाले: लता मंगेशकर.

त्यांना आम्ही इथे लताबाई म्हणू. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर. मराठी रंगभूमीवर दीनानाथांचे नाव मोठे होते. मूळ घराणे गोव्यातल्या मंगेशीचे. सन 1942 च्या एप्रिलमध्ये पुण्यात दीनानाथ वारले. लताबाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. पाठीवर चार भावंडे. घरात मिळवते कोणी नाही. त्याच वर्षी मास्टर विनायक यांनी त्यांना 'पहिली मंगळागौर' या मराठी बोलपटात काम दिले. तोंडाला रंग लावून उभे राहणे त्यांना मुळीच आवडत नव्हते. पण आवडीनिवडीचे दिवस नव्हते. सन 1945 मध्ये त्या मुंबईला आल्या. लोकलने या स्टुडिओतून त्या स्टुडिओत जायचे, उभे राहून गायचे, असे दिवस काढले. एका निर्मात्याने तर हा आवाज फार बारीक आहे म्हणून नकार दिला होता. संगीतकार गुलाम हैदर यांचा मात्र त्या आवाजावर विश्वास होता. त्यांनी सन 1948 च्या 'मजबूर' बोलपटात लताबाईंना गायला लावले.

तेव्हा 'महल'च्या तबकडीवर नाव नव्हते, ते अशा मुलीचे, जिच्या गळ्यावर सबंध घर जेवत होते. नाव लोकांना कळले, तर पुढचे काम मिळते. कामिनीला काम कोण देणार?

याच सुमाराची एक दुसरी आठवण आहे. ती थोर गवई कुमार गंधर्व यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ते आजारी होते. एके दिवशी पडल्या पडल्या त्यांनी सहज रेडिओ लावला. एक आवाज कानी पडला आणि तो थेट काळजाला भिडला. हा आवाज काही निराळाच आहे, असे त्यांना वाटले. ते अगदी तल्लीन होऊन ऐकत राहिले. गाणे संपल्यावर नाव सांगितले गेले: लता मंगेशकर. नाव ऐकले मात्र, कुमार चकित झाले आणि त्यांच्या मनात एकदम दीनानाथांची गायकी जागी झाली. बापाचे गाणे लेकीच्या गळ्यातून आले, ही संगती त्यांना लागली. हे गाणे 'महल'चे नव्हे, दुसऱ्या एका बोलपटाचे.

पाहा, इथे रेडिओने नाव सांगितले म्हणून संगती लागली. इराण्याच्या हॉटेलातल्या गिरणी कामगारांना ती लागली नाही. कान दोघांचेही चांगलेच होते.

पुढे नावांवरून आणखी एक गंमत झाली. गंमत कसली, भांडणच. सन 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर हे केंद्र सरकारात रेडिओ खात्याचे मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी पसंत नव्हती. रेडिओने ठरवले, की बोलपटाचे नाव सांगणे ही फुकटची जाहिरात आहे. गाणाऱ्याचे नाव सांगू, बोलपटाचे नाही. यावर निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी देणेच थांबवले. सरकारी रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गेली. लोकांनी मग सुई फिरवून सिलोनचे केंद्र लावले. तिथे त्याच वर्षी अमीन सयानी यांचा 'बिनाका गीतमाला' कार्यक्रम सुरू झाला. आठवड्याला हजारो पत्रे तिथे जाऊ लागली. शेवटी सरकारलाही उमगले. दिनांक 3 ऑक्टोबर 1957 रोजी 'विविध भारती' सुरू झाली. या पत्रांत खेड्यापाड्यांतल्या माणसांची पत्रे किती तरी असत. ज्याला लिहिता येत नसे, तो शेजारच्या शाळकरी पोराला कार्ड लिहायला लावी, पण आपले नाव त्यात घालायला विसरत नसे. रेडिओवरून आपले नाव निघाले, की आठवडाभर गावात ताठ मानेने फिरता येई.

लताबाईंनी नावाचा हा प्रश्न सोडला नाही. सन 1957 मधली गोष्ट. 'चोरी चोरी' बोलपटाच्या संगीताला फिल्मफेअरचे बक्षीस मिळाले. संगीतकार शंकर-जयकिशन यांनी लताबाईंना सांगितले, की समारंभात गाणे म्हणा. त्या म्हणाल्या, बक्षीस चालीला आहे. गाणाऱ्याला नाही आणि गाणे लिहिणाऱ्यालाही नाही. तेव्हा नुसती वाद्ये वाजवा. शब्द नकोत आणि गळाही नको. त्या गायला गेल्या नाहीत. पुढे सन 1959 पासून पार्श्वगायनाला वेगळे बक्षीस सुरू झाले. पहिले बक्षीस लताबाईंनाच मिळाले, 'मधुमती' बोलपटातल्या गाण्यासाठी.

लताबाई दिनांक 6 फेब्रुवारी 2022 रोजी मुंबईत वारल्या. 'महल'चे गाणे पुढे ज्या ज्या तबकड्यांच्या आणि कॅसेटींच्या संग्रहांत निघाले, तिथे त्यापुढे त्यांचेच नाव आहे.

तुमच्या गावात ऐंशी-नव्वदीची माणसे असतील. त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या आवडीचे एखादे गाणे त्यांनी पहिल्यांदा कुठे ऐकले, रेडिओ कोणाचा होता, कोण गाते असे तेव्हा वाटले, ते विचारा. सांगतील तसे वहीत लिहून घ्या. पानाच्या वर सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख घाला.