शेततळ्यात मासे सोडताय? आधी मासा कोणता ते विचारा

मागच्या महिन्यात कर्जत तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी मासेपालनासाठी अंतर्गत कर्ज मागितलं. शेततळं तयार, पाणीही होतं. बी विकणारा दारात येऊन सांगून गेलेला : "मांगूर घ्या, मरत नाही, काहीही खातो, झटपट वाढतो." मी विचारलं, कोणता मांगूर, गावठी की थाई? तिथंच गाडी अडली.

थाई मांगूर नावालाच थाई, मूळचा आफ्रिकेतला. त्याच्यावर केंद्र सरकारने 2000 सालीच बंदी घातली आहे. तो हवेतूनही श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटतो. पावसाळ्यात शेततळं भरून वाहिलं की ओढ्यात, ओढ्यातून भीमेत. मग तिथली अंडी, पिल्लं, बेडूक, काहीच सोडत नाही. त्याला कत्तलखान्याची घाण खाऊ घालतात, ते वेगळंच. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर आपल्या राज्यात असे साठे नष्ट केले गेले. म्हणजे कारवाई झाली तर मासा जातो आणि हप्ता मात्र आपल्या गळ्यात राहतो.

नदीत काय होतं ते बघायला लांब जायला नको. उजनीचा फुगवटा आपल्या तालुक्याला लागून आहे. तिथं जाळ्यात चिलापीच जास्त. हा मासाही आफ्रिकेचाच, 1952 साली भारतात आणला. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतात आणि वर्षात अनेकदा वीण होते. गर्दी झाली की मासा खुरटतो, भाव पडतो. जुनी माणसं मरळ, वाम, शिंगाडा, आहेर यांची नावं घेतात, ते आता कमीच दिसतात. सगळा दोष चिलापीचा नाही हं, पुण्याकडून येणारं घाण पाणीही आहेच. पण एकदा नदीत गेलेला मासा कुणालाच परत काढता येत नाही.

मग सोडायचं काय? कटला, रोहू, मृगळ. खरं तर हेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, पण साठलेल्या पाण्यात ते आपोआप वीत नाहीत, म्हणून हाताबाहेर जात नाहीत. बोटुकली शासकीय मत्स्यबीज केंद्रातून किंवा नोंदणी असलेल्या केंद्रातून घ्या आणि माशाचं नाव लिहिलेली पावती मागा. सांडव्याला बारीक जाळी लावा.

त्या ताईंचं कर्ज गटाने मंजूर केलं, कटला-रोहूसाठी. बी विकणाऱ्याकडे त्यांनी पावती मागितली होती. तो परत आलाच नाही.